पोरगं ऐकत नाही, की त्याला ऐकूच येत नाही?

मुलांच्या कानाचे जुनाट दुखणे आणि ॲलर्जी

"एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्या कानाने सोडून देतो!" हे वाक्य आपल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा बोलले जाते. पोराला हाक मारली तर ओ देत नाही. दुकानातून मीठ आणायला सांगितले तर पीठ घेऊन येतो. टी.व्ही.च्या पुढ्यात जाऊन बसतो आणि आवाज मोठा करतो. शाळेतल्या बाई सांगतात, वर्गात लक्ष नसते. मग घरी धपाटा बसतो, शाळेत बोलणी बसतात आणि हळूहळू त्या मुलावर शिक्काही बसतो. मठ्ठ आहे, डोके नाही, शिकणार नाही.

आई-वडिलांनो, हा शिक्का मारण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहा. त्याला नीट ऐकू येते का?

पुष्कळ लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेले असते. हे पाणी ठणकत नाही, बाहेर वाहत नाही, वरून दिसत नाही. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही, आणि मूलही सांगू शकत नाही, कारण आपल्याला कमी ऐकू येते हे त्याला स्वतःला कळत नसते. त्याचे जग कसे असते हे जाणून घ्यायचे असेल तर दोन्ही कानांत बोटे घालून तासभर घरात वावरून पाहा. भांड्यांचा आवाज येतो, माणसे बोलताना दिसतात, पण शब्द धड लागत नाहीत.

आपली बहुतेक कुटुंबे हातावर पोट असलेली. शेतीवाडी नाही, दुकान नाही. पोरांचे शिक्षण हीच आपली इस्टेट. आणि पहिलीपासूनचे शिक्षण डोळ्यांइतकेच कानांवाटे आत जाते. बाईंनी 'पाठ' म्हटले आणि पोराला 'आठ' ऐकू आले, तर दोष पोराच्या डोक्याचा नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

या दुखण्याबाबत आजकाल 'ॲलर्जी' हा शब्द फार कानावर येतो. कोणी सांगतात, मुलांच्या कानाचे सगळे रोग ॲलर्जीमुळेच होतात. कोणी म्हणतात, ॲलर्जी हे बंगल्यातल्या लोकांचे कौतुक, आपल्या चाळीत कसली आली ॲलर्जी! दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. खरे काय ते क्रमाने पाहू.

कानाचा मागचा दरवाजा

कानाचे तीन भाग असतात. बाहेरचा कान पडद्यापर्यंत. पडद्याच्या आत एक लहानशी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. त्यात तीन इवलीशी हाडे असतात. पडदा हलला की ही हाडे हलतात आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. हे काम नीट होण्यासाठी मध्यकर्णात हवा असावी लागते. बाहेर जेवढा हवेचा दाब तेवढाच आत.

ही हवा येते कुठून? पडद्यातून नव्हे. ती येते नाकाच्या मागच्या बाजूने. तिथून एक बारीक नळी थेट मध्यकर्णात जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण घास गिळतो, जांभई देतो, तेव्हा ही नळी क्षणभर उघडते आणि हवा आत जाते. घाटातून एस.टी. उतरताना कानाला दडे बसतात आणि थुंकी गिळल्यावर 'टक्' करून मोकळे होतात, ते याच नळीचे काम.

मोठ्या माणसात ही नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरपी असते. तान्ह्या मुलात ती जवळपास निम्मी, जास्त आडवी आणि मऊ असते. त्यात लहान मुलांच्या नाकामागे, नळीच्या तोंडाजवळच, ॲडिनॉइड नावाची गाठ असते. टॉन्सिलची बहीणच म्हणा. सर्दीने किंवा अन्य कारणाने तिथे सूज आली की नळीचे तोंड बंद होते. आत राहिलेली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीच्या अस्तरातून पाणी पाझरू लागते. पुढे तेच पाणी घट्ट होते, काही मुलांत तर डिंकासारखे चिकट.

म्हणून आम्ही म्हणतो, लहान मुलांच्या कानाचे दुखणे पुष्कळदा नाकामागे सुरू होते. कानात थेंब टाकून नाकामागची नळी उघडत नाही.

ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शाळेत जाण्याच्या वयाआधी दहांतल्या सुमारे नऊ मुलांच्या कानात केव्हा ना केव्हा असे पाणी साठते, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६ सालच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. त्यातल्या बहुतेकांचे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप जिरते. प्रश्न उरतो तो ज्यांचे जिरत नाही, किंवा जिरून पुन्हा पुन्हा भरते, त्यांचा.

वावडे म्हणजे काय?

ॲलर्जीला आपला जुना शब्द आहे, वावडे. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द वैद्यकाला दिला. जी वस्तू दहा जणांना काहीच करत नाही, तीच अकराव्याच्या शरीराला शत्रू वाटते आणि शरीर तिच्याविरुद्ध लढाई सुरू करते. त्या लढाईत नुकसान होते ते स्वतःचेच. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञ यांनी या लढाईतले मुख्य हत्यार शोधून काढले. त्याला आयजीई म्हणतात. हे हत्यार नाकाच्या अस्तरातील पेशींवर चढून बसलेले असते. धूळ किंवा परागकण नाकात गेला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, आणि शिंका, खाज, पाणी, सूज सगळे एकदम सुरू होते.

साधी सर्दी आणि वावड्याची सर्दी यांतला फरक आईला थोडे लक्ष दिले की ओळखता येतो. साध्या सर्दीत अंग कसकसते, ताप येतो, शेंबूड पुढे घट्ट पिवळा होतो आणि आठ-दहा दिवसांत सगळे मिटते. वावड्याच्या सर्दीत ताप नसतो. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका येतात, नाकातून पांढरे पातळ पाणी येते, नाक आणि डोळे खाजतात. पोर तळहाताने नाक वर घासत राहते, इतके की नाकावर आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर छाया दिसते. तोंड उघडे टाकून झोपते, घोरते. हे महिनोन् महिने चालते किंवा ठरावीक ऋतूत परत येते. घरात कोणाला दमा असेल किंवा मुलाच्या अंगाला लहानपणापासून खरजेसारखे चट्टे उठत असतील तर वावड्याची शंका बळावते.

नाकाचे वावडे कानापर्यंत कसे जाते?

नाकाच्या आतले अस्तर आणि युस्टेशियन नळीचे अस्तर एकच. जी सूज नाकात येते तीच नळीच्या तोंडाशी येते. हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. १९८३ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील डॉक्टरांनी परागकणांचे वावडे असलेल्या प्रौढ माणसांच्या नाकात तेच परागकण सोडून पाहिले. नळी बंद पडू लागली. काहीच न करणारी भुकटी सोडली तेव्हा तसे झाले नाही. पुढे २०१२ साली कोपनहेगनमध्ये, जन्मापासून नोंद ठेवलेल्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली. नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलांत कानातले पाणी अधिक प्रमाणात आढळले.

म्हणजे नाकाचे वावडे आणि कानातले पाणी यांचे नाते आहे. ज्या मुलाचे नाक वर्षभर चोंदलेले आणि कान महिनोन् महिने बंद, त्याच्याबाबत वावड्याचा विचार झालाच पाहिजे.

मग ॲलर्जीचे औषध दिले की कान बरा होतो का?

इथेच आपली फसवणूक होते. नाते आहे, म्हणून औषधही लागू पडेल असे वाटते. परंतु तपासून पाहिले तेव्हा तसे दिसले नाही.

कानात पाणी असलेल्या मुलांना ॲलर्जीची आणि नाक मोकळे करण्याची औषधे देऊन पाहिलेल्या १६ अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,८८० जण होते. औषधाने कानातले पाणी लवकर जात नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात, असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षे वयाच्या २१७ मुलांवर नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याची चाचणी झाली. तिचा निकाल २००९ साली आला. खरा फवारा घेतलेली आणि खोटा फवारा घेतलेली मुले सारख्याच प्रमाणात बरी झाली. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य खात्यासाठी काम करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२३ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे की, केवळ कानातल्या पाण्यासाठी ॲलर्जीची औषधे, नाकाचे फवारे किंवा अँटिबायोटिक देऊ नयेत.

असे का होते? कारण कानात पाणी साठण्याचे वावडे हे एकमेव कारण नाही. कोवळे वय, आडवी नळी, वारंवार होणारी सर्दी, वाढलेले ॲडिनॉइड, कोंदट घर, धूर अशी कितीतरी कारणे एकाच वेळी हजर असतात. पाच जणांनी दरवाजा धरून ठेवला असेल तर एकाला बाजूला करून तो उघडत नाही.

याचा अर्थ वावड्यावर उपचारच करू नयेत असा मुळीच नाही. नाकाचे वावडे असेल तर ते नाकासाठी बरे करायचे. पोराला रात्री झोप लागावी, सकाळी डोके हलके राहावे, त्याने तोंडाने श्वास घेऊ नये, यासाठी करायचे. डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा नाकाच्या वावड्यावर चांगला चालतो. मात्र तो सांगितलेले दिवस नियमित घ्यावा लागतो. एक दिवस मारला आणि चार दिवस विसरला तर उपयोग नाही. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने मारावा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की दिशा आपोआप बरोबर येते.

आणि कानाचे काय? कानाची तपासणी वेगळी, त्याचा हिशेब वेगळा. नाकाचे औषध सुरू आहे म्हणून कानाची तपासणी टाळायची नाही. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सर्दीचे सिरप आणून महिनोन् महिने पाजणाऱ्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. या सिरपांतील जुनी औषधे गुंगी आणतात. आधीच कमी ऐकू येणारे पोर वर्गात डुलक्या घेऊ लागते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या दोन औषधांचे मिश्रण असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. बाटली घेताना नाव वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही.

घरातले छुपे वैरी

वावडे श्रीमंतांचेच असते हा समज खोटा आहे. वावडे आणणाऱ्या वस्तू आपल्या घरांत भरपूर आहेत.

पहिला वैरी म्हणजे धुळीतले किडे. हे डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कणांवर जगतात आणि गादी, उशी, गोधडीत राहतात. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून मुंबई-कोकणात त्यांची चंगळ. दुसरा वैरी झुरळ. त्याची विष्ठा आणि अंगाचा भुगा धुळीत मिसळतो. तिसरा वैरी बुरशी. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि काळे डाग पडतात, ती बुरशी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर लावतात. त्याचे मागच्या वर्षीचे कुजके गवत तसेच ठेवले तर बुरशीचा वारा रात्रभर पोराच्या तोंडावर. चौथा वैरी गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आले आणि आज महाराष्ट्राचा एकही उकिरडा त्यावाचून नाही. पावसाळ्यात त्याला पांढरी फुले येतात आणि त्याचे पराग हवेत उडतात.

धूर हा वावड्याचा प्रकार नव्हे, पण तो नाकाचे आणि नळीचे अस्तर जाळतो. घरात आई-वडील धूम्रपान करीत असतील तर मुलांच्या मध्यकर्णाचे आजार त्यामुळे होतात, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालात ठामपणे म्हटले आहे. चुलीचा धूर, मच्छर कॉईल, तव्यावर भाजलेली मिश्री, बंद खोलीतली अगरबत्ती, सगळा धूर त्या लहान नाकातूनच जातो. बाबांनो, विडी ओढायचीच असेल तर निदान घराच्या बाहेर जाऊन ओढा. सोडली तर त्याहून उत्तम.

आता दहा बाय बाराच्या खोलीत काय करता येईल? खर्चाचे नाही, ते आम्ही सांगतो. गोधड्या, उशा, गाद्या कडक उन्हात वाळवा. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा हात घालवणार नाही इतक्या कडक पाण्यात धुवा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. खरकटी भांडी आणि उघडा कचरा रात्रभर ठेवू नका, म्हणजे झुरळे कमी होतील. कूलरचे गवत दरवर्षी बदला. मोहल्ल्यातले गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, पोरांना लांब ठेवून, हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून उपटा. चौदा एप्रिलच्या आधी आपण घर झाडून-रंगवून काढतो. त्या दिवशी नाक वाहणाऱ्या पोराला शेजारी पाठवा. एकट्यादुकट्या उपायाने मोठा फरक पडत नाही, पण सगळे मिळून केले तर नाकाला आराम पडू शकतो.

खाण्यावर राग काढू नका

कान वाहिला की पहिली गदा येते खाण्यावर. केळे बंद, दही बंद, दूध बंद, भातसुद्धा बंद. काही थोड्या मुलांना दूध, अंडी यांसारख्या पदार्थांचे वावडे असते हे खरे. पण ते खाल्ल्यानंतर अंगावर गांधी, उलट्या, जुलाब, सूज अशा खुणांनी दिसते आणि डॉक्टरांकडून तपासून ठरवायचे असते. आधीच पोषण कमी असलेल्या पोराचे दूध-अंडे अंदाजाने तोडले तर कान बरा होत नाही, पोर मात्र वाळते.

रक्ताच्या महागड्या तपासण्यांबाबतही सावध राहा. रक्तातील एकूण आयजीई वाढलेले दिसले म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असे नाही. पोटात जंत असले तरी ते वाढते. कोणत्या वस्तूचे वावडे आहे हे पाहण्यासाठी कातडीवर टोचून करायची चाचणी असते. मुलाची लक्षणे आणि चाचणी यांचा मेळ बसला तरच तिला अर्थ. पन्नास पदार्थांची यादी छापून देणाऱ्याच्या दारात कर्ज काढून जाऊ नका.

वाहणारा कान ही वेगळी गोष्ट

आतापर्यंत आम्ही सांगितले ते बंद पडद्यामागच्या पाण्याबद्दल. कान फुटून पू येणे हे जंतूंचे काम आहे, आणि त्यात वावड्याचा वाटा असला तरी तो दुय्यम. पडद्याला भोक पडून कान वर्षानुवर्षे वाहणे हे आपल्या देशाचे जुने दुखणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात, या रोगाचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांत भारताची गणना केली होती. गर्दीची घरे, अपुरे पोषण, उशिरा मिळणारे औषध ही त्याची कारणे.

वाहत्या कानात गरम तेल, लसणाची पाकळी, हळद, विडीचा धूर काहीही घालू नका. हेअरपिन, काडेपेटीची काडी, रस्त्यावरचा कान कोरणारा, सगळे दूर ठेवा. कानात पाणी जाऊ देऊ नका. पुढील खुणा दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा: कानामागे लाल सूज येणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, घेरी, जोराची डोकेदुखी, उलट्यांसह ताप. कानातून सतत घाण वास येणारा पू येत असेल तर तोही लवकरात लवकर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. त्या वासामागे हाड कुरतडणारा रोग असू शकतो.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. मुलाचा कान वाहिला तर दवाखाना होतो. मुलीचा वाहिला तर 'मोठी झाली की थांबेल' म्हणतात, आणि पुढे लग्न जमेना म्हणून ती गोष्ट लपवतात. हे थांबले पाहिजे. मुलीच्या कानाची किंमत मुलाच्या कानाइतकीच आहे.

घरी पाहा, मग तपासून घ्या

चार वर्षांपुढच्या मुलासाठी एक साधी परीक्षा आहे. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसणार नाहीत. त्याचा एक कान हलकेच बोटाने दाबा आणि कुजबुजत्या आवाजात ओळखीचे तीन शब्द सांगा: पाटी, मासा, फूल. त्याला ते परत म्हणायला लावा. मग दुसरा कान. खेळासारखे करा, परीक्षेसारखे नको. दोन-तीनदा करूनही शब्द चुकत असतील तर तपासणी हवीच. बरोबर आले तरी तुमच्या मनात शंका असेल, तर आईच्या शंकेला मान द्या आणि तपासून घ्या.

डॉक्टर दुर्बिणीने पडदा पाहतात. पडदा हलतो की नाही हे टिंपॅनोमेट्री नावाच्या यंत्राने कळते. ऑडिओमेट्रीने किती ऐकू येते ते मोजतात. यांत काहीही दुखत नाही.

पाणी सापडले आणि इतर काही गंभीर नसेल तर डॉक्टर बहुधा तीन महिने थांबायला सांगतील. 'औषध दिले नाही, कसला डॉक्टर!' असे म्हणू नका. तो खरा उपचार आहे. मात्र थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. ज्या मुलाला आधीच बोलण्यात, दिसण्यात किंवा शिकण्यात अडचण आहे त्याच्यासाठी इतके थांबू नये. दरम्यान नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो, त्याने नळी उघडायला मदत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ४ ते ११ वर्षांच्या मुलांना त्याचा थोडा फायदा दिसला. तो डॉक्टरांना विचारून वापरावा.

तरीही पाणी राहिले आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. १९५४ साली अमेरिकेतील डॉ. आर्मस्ट्राँग यांनी ही पद्धत नव्याने रूढ केली. बहुतेक ग्रोमेट साधारण वर्षभरात आपोआप गळून पडतात. गरज असेल तर त्याच वेळी ॲडिनॉइडही काढतात. 'पडद्याला भोक पाडतात' म्हणून घाबरू नका. पण घाईही करू नका. श्रवण मोजल्याशिवाय ऑपरेशन सांगणाऱ्याला 'आधी ऑडिओमेट्री करा' असे निर्भयपणे सांगा.

कुठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्यातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी करते. कानाचे आजार आणि बहिरेपणा त्याच्या यादीत आहेत. पथक येण्याच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. अंगणवाडीताईला किंवा बाईंना आधीच सांगून ठेवा, याचे कान बघायचे आहेत. पुढचा उपचार जिल्हा रुग्णालयात मोफत होण्याची सोय या कार्यक्रमात आहे. ऑपरेशन ठरले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. तिथे श्रवणाची तपासणी होते.

तान्ह्या बाळाच्या आईने दोन गोष्टी पाळाव्यात. पहिले सहा महिने अंगावरचे दूधच द्यावे, आणि पुढे बाटली द्यावीच लागली तर बाळाला आडवे ठेवून देऊ नये. न्यूमोकोकस जंतूची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात ती दिली जाते. कान फुटवणाऱ्या मुख्य जंतूंपैकी तो एक आहे. ती चुकवू नका.

शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती. ज्याचे नाक सतत वाहते, जो तोंड उघडे टाकून बसतो, जो आज उत्तर देतो आणि उद्या गप्प राहतो, त्याला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याच्याकडे पाहून बोला. कानातले पाणी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून त्याचे ऐकणेही कमी-जास्त होते. ते ढोंग नव्हे.

पहिला बाक मिळवायला पैसा लागत नाही. कुजबुजून तीन शब्द सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेव्हा येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक पोराच्या मागे उभे राहा आणि हळूच विचारा. त्याने ओ दिली तर आनंदच आहे. दिली नाही तर हात उगारू नका. सोमवारी त्याच हाताने त्याचे बोट धरा आणि दवाखान्याची वाट धरा.